अमेरिकेंतील नभोनाट्य आणि त्याचे यजमान

काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं केले आहेत, आणि नाटक हें दृश्याच्या सदरांत घातलें आहे. रंगभूमि नाहीं, नेपथ्य नाहीं, नटाचा चेहरा नाहीं आणि तरीहि नाटक आहे, ही कल्पना त्यांच्या मनास शिवण्याचें कांहीं कारण नव्हतें. विसाव्या शतकांत अमेरिकेंत मात्र सुमारें तीस वर्षें हें अशक्य वाटणारें नाटक दररोज घरोघरीं होत होतें. त्याचा रंगमंच म्हणजे दिवाणखान्यांतील एक लांकडी पेटी, आणि त्याच्या प्रेक्षकानें डोळे मिटून घेतले तरी त्याचें कांहींच बिघडत नसे. ह्या काळास तिकडील लोक रेडिओचा सुवर्णकाळ म्हणतात. सुवर्ण हा शब्द आम्हांस दोन्ही अर्थांनीं योग्य वाटतो. कारण त्या कलेंत कस होता, आणि तिच्या मुळाशीं पैसा होता. हा पैसा कोणाचा होता हें समजल्यावांचून तिचा उदय समजत नाहीं, आणि अस्तहि समजत नाहीं.

प्रारंभ अगदीं साधा होता. २ नोव्हेंबर १९२० रोजीं पिट्सबर्ग शहरांतील केडीकेए नांवाच्या केंद्रावरून अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल वाचून दाखविण्यांत आले. केंद्र वेस्टिंगहाउस ह्या विजेचीं यंत्रें करणाऱ्या कंपनीचें. लोकांनीं रेडिओ विकत घ्यावेत तर त्यांना ऐकावयास कांहीं तरी हवें, एवढाच हिशेब त्यामागें होता. परंतु एकदां घरोघरीं यंत्र गेलें म्हणजे पुढील गाण्याबजावण्याचा खर्च कोणीं सोसावयाचा, हा प्रश्न उरलाच. इंग्लंडनें श्रोत्यांकडून परवान्याचें शुल्क घेऊन तो सोडविला. आपल्याकडेहि तीच रीत आली. रेडिओचा परवाना पोस्टांत जाऊन दरसाल नवा करून आणावा लागे, हें आमच्या वयाच्या वाचकांस स्मरत असेल. अमेरिकेनें श्रोत्याकडे एक पैहि मागितली नाहीं. २८ ऑगस्ट १९२२ रोजीं न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रानें आपला वेळच भाड्यानें दिला, आणि क्वीन्सबरो कॉर्पोरेशन ह्या कंपनीच्या माणसानें जॅक्सन हाइट्स येथील नव्या बिऱ्हाडांची महती गायिली. इमारतींस हॉथॉर्न ह्या कादंबरीकाराचें नांव दिलें होतें, म्हणून भाषणाचा आरंभ त्या थोर ग्रंथकाराच्या पुण्यस्मरणानें झाला! सरस्वतीस पुढें उभी करून लक्ष्मीनें दार ठोठावण्याचा हा प्रकार. त्याच वर्षीं व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर ह्यांनीं, एवढें मोठें लोकसेवेचें साधन जाहिरातींच्या बडबडींत बुडूं देणें अकल्पनीय आहे, अशा आशयाचें मत दिलें होतें. पुढें तेच अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या कारकिर्दींतच तें अकल्पनीय रोजचें होऊन बसलें.

१९२६ मध्यें एनबीसी आणि १९२७ मध्यें सीबीएस ह्या संस्था निघाल्या. टेलिफोनच्या तारांनीं दूरदूरचीं केंद्रें जोडून एकच कार्यक्रम एका वेळीं साऱ्या देशास ऐकविण्याची त्यांनीं सोय केली. १९३० च्या शिरगणतींत शंभरांपैकीं सुमारें ४० कुटुंबांत रेडिओ आढळला. १९४० मध्यें ती संख्या ८२ च्या वर गेली. मधलीं वर्षें घोर मंदीचीं होतीं, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. नाटकाचें तिकीट परवडत नसे, पण घरांतली पेटी फुकट गात असे.

फुकट, अर्थात्, श्रोत्यापुरती. यज्ञांत मंत्र म्हणणारे, आहुति देणारे, गायन करणारे ऋत्विज असतात. परंतु संकल्प यजमानाचा, दक्षिणा यजमानाची आणि फळहि यजमानाचें. अमेरिकन रेडिओची व्यवस्था आम्हांस हुबेहूब अशीच दिसते. एखादी कंपनी वेळ विकत घेई. तिची जाहिरातसंस्था लेखक, नट आणि वादक जमवून कार्यक्रम रची. एनबीसी-सीबीएसकडे पुष्कळदां मंडप घालून देण्याइतकेंच काम राही. कार्यक्रमाचें नांवहि यजमानाचें. 'लक्स रेडिओ थिएटर' १९३४ पासून १९५५ पर्यंत चाललें, आणि हॉलिवुडचे नामांकित नटनटी तेथें गाजलेले चित्रपट तासाभरांत केवळ आवाजानें उभे करीत. पेप्सोडेंट, कोलगेट, ओव्हल्टीन हीं आपण न्हाणीघरांत आणि फडताळांत पाहिलेलीं नांवें तिकडे त्या काळीं कलेच्या आश्रयदात्यांचीं नांवें होतीं.

पेप्सोडेंटच्याच आश्रयानें ऑगस्ट १९२९ पासून 'एमॉस एन् अँडी' ही मालिका देशभर ऐकूं येऊं लागली. दक्षिणेकडून शहरांत पोट भरावयास आलेले दोन कृष्णवर्णीय मित्र, त्यांची मोडकी टॅक्सी, त्यांचीं उसनवारीचीं भांडणें, आणि हें सारें रोज पंधरा मिनिटें. लोकांस तिचें इतकें वेड लागलें कीं चित्रपटगृहांचे चालक त्या वेळेस पडद्यावरील खेळ थांबवून सभागृहांत रेडिओ लावीत. परंतु त्या दोघांची सोंगें घेणारे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोघेहि गोरे होते. 'पिट्सबर्ग कूरियर' ह्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रानें १९३१ मध्यें मालिकेविरुद्ध सह्यांची मोठी मोहीम काढली. मालिका थांबली नाहीं. 'ब्यूला' ह्या स्वयंपाकिणीच्या पात्राची कथा तर याहून विलक्षण. त्या कृष्णवर्णीय बाईचा आवाज प्रथम मार्लिन हर्ट नांवाचा गोरा पुरुष काढी. ऑस्कर पारितोषिक मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय नटी हॅटी मॅकडॅनिएल हिला ती भूमिका मिळावयास १९४७ साल उजाडावें लागलें. चेहरा न दिसण्याच्या सोयीनें कल्पनेला जसे पंख फुटतात, तसा दुसऱ्याचा आवाज बळकावून त्याची टवाळी करणेंहि सोपें होतें. ह्या सुवर्णांतील हें हीण कमी लेखूं नये असें आमचें मत आहे.

दुपारचा वेळ गृहिणींचा. शिकागोंतील इर्ना फिलिप्स ह्या बाईनें १९३० मध्यें रोजची कौटुंबिक कथा लिहावयास आरंभ केला, आणि साबण करणाऱ्या कंपन्यांनीं तिचें मोल तत्काळ ओळखलें. जिच्या हातीं धुणें, तिच्याच कानीं कथा. म्हणून ह्या प्रकारास तिकडे थट्टेनें 'सोप ऑपेरा', म्हणजे साबणी संगीतिका, असें नांव पडलें. ऑक्सिडॉल ह्या कपडे धुण्याच्या चूर्णासाठीं १९३३ मध्यें सुरू झालेली 'मा पर्किन्स' ही त्यांतील अग्रगण्य. एका काल्पनिक गांवांत लांकडाची वखार चालविणारी, सर्वांच्या अडचणी निस्तरणारी ही वृद्ध विधवा. आणि तिची भूमिका करणारी व्हर्जिनिया पेन आरंभीं अवघी तेवीस वर्षांची! तिनें सत्तावीस वर्षें, सात हजारांहून अधिक भागांत, तीच एक भूमिका केली. हें वाङ्मय उच्च प्रतीचें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. एखाद्या श्रोत्रीचे दोन दिवस चुकले तरी कथा हातची जाऊं नये, म्हणून प्रसंग मुद्दाम गोगलगाईच्या गतीनें चालवीत. एक लग्न लागावयास कित्येक आठवडे जात. फ्रँक आणि अ‍ॅन हमर्ट ह्या दांपत्यानें तर अशा कथांचा कारखानाच काढला होता. कथेचा सांगाडा तीं दोघें आंखून देत आणि संवाद पगारी लेखक भरीत. सायंकाळीं जेवणाच्या वेळेस आपल्या घरांत दूरदर्शनवर ज्या मालिका चालतात, त्यांचें गोत्र येथेंच सांपडतें.

खरी कला पाहावयाची तर ध्वनि हाताळणाऱ्या माणसांकडे वळावें. नारळाच्या करवंट्या आपटल्या कीं घोडा दौडे. सेलोफेनचा कागद चुरगळला कीं वणवा पेटे. पातळ पत्रा हालविला कीं मेघ गर्जे. मक्याच्या सत्त्वाची पिशवी दाबली कीं बर्फावर पाउलें वाजत. 'फिबर मॅगी अँड मॉली' ह्या विनोदी मालिकेंत १९४० पासून एक कपाट प्रसिद्धीस आलें. तें उघडलें कीं त्यांत कोंबलेलें सारें सामान धडाधडा अंगावर कोसळे, आणि शेवटीं एक लहानशी घंटा किणकिणे. तें कपाट कोणीं कधीं पाहिलें नाहीं, आणि तरीहि तें प्रत्येकाच्या घरचें होतें.

एडगर बर्गेन हा बोलक्या बाहुल्याचा खेळ करणारा. ओठ न हालवितां बोलणें ही त्याची विद्या, आणि ती दाखवावयास त्यानें निवडला रेडिओ! परंतु त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी देशांतील लाडका वाचाळ झाला, कारण श्रोत्यांच्या लेखीं तो खरोखरच स्वतंत्र प्राणी होता. जॅक बेनीची तऱ्हा निराळी. तो कृपणाचें सोंग करी. २८ मार्च १९४८ च्या प्रयोगांत वाटमाऱ्या त्याला दरडावतो, पैसे कीं प्राण? बेनी गप्प. क्षणामागून क्षण जातात, शांततेंतच हशा उसळूं लागतो. वाटमाऱ्या पुन्हां खडसावतो, तेव्हां बेनी चिडून म्हणतो कीं, मी विचारच करतों आहें. ज्या माध्यमांत आवाज थांबला म्हणजे यंत्र बिघडलें असें वाटावयाचें, तेथें मौनानें हंसविणारा नट आम्हांस थोर वाटतो.

आपल्या दशरूपकांत भाण नांवाचा एक प्रकार आहे. रंगभूमीवर पात्र एकच. तें अदृश्य माणसांशीं बोलतें, त्यांचे प्रश्न आपणच ऐकल्यासारखें करतें आणि उत्तरें देतें. त्या भाषणास आकाशभाषित म्हणतात. लुसिल फ्लेचर हिनें लिहिलेलें 'सॉरी, राँग नंबर' हें नभोनाट्य, जें २५ मे १९४३ रोजीं 'सस्पेन्स' ह्या मालिकेंत झालें, तें आम्हांस भाणाच्या अगदीं जवळचें वाटतें. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री टेलिफोन फिरविते. चुकून दुसऱ्यांच्या बोलण्यांत तिचा फोन जोडला जातो, आणि कोणा स्त्रीचा त्या रात्रीं खून करण्याचा बेत तिच्या कानीं पडतो. ती टेलिफोनवाल्या मुलींना सांगते, पोलिसांना सांगते. कोणी मनावर घेत नाहीं. तो बेत आपल्याच विषयीं आहे हें तिला उमजतें तोंवर फार उशीर झालेला असतो. अ‍ॅग्नेस मूरहेड हिनें अर्धा तास जवळजवळ एकटीच्या कंठानें हा भयरस उभा केला. भाणांत विटाची मौज असते, येथें मृत्यु आहे. पण युक्ति एकच. दुसऱ्या टोकाचा माणूस दिसत नाहीं, हेंच नाटक.

हें सर्व घडत्या वेळींच ऐकविलें जाई. तयार तबकड्या लावणें मोठ्या संस्थांना मंजूर नव्हतें. पूर्व किनाऱ्यावरील प्रयोग संपला कीं पश्चिम किनाऱ्यासाठीं तीन तासांनीं पुन्हां सारा मेळा उभा राही. बिंग क्रॉसबी ह्या गायकानें ह्या जाचास कंटाळून १९४६ मध्यें एबीसीची वाट धरली, आणि पुढच्या वर्षीं जर्मनींत सिद्ध झालेल्या चुंबकीय फितीवर त्याचे कार्यक्रम आधींच मुद्रित होऊं लागले.

ज्या वेळा विकल्या जात नसत, त्या वेळांचें काय? सरकारी परवाना टिकवावयाचा तर लोकहिताचें कांहीं तरी दाखवावें लागे. आणि नवल असें कीं ह्या ओसाड तासांतच उत्तम पीक आलें. ११ एप्रिल १९३७ रोजीं सीबीएसच्या 'कोलंबिया वर्कशॉप'मध्यें कवि आर्चिबाल्ड मॅकलीश ह्यांचें 'द फॉल ऑफ द सिटी' हें पद्यनाट्य झालें. विजेत्याच्या नुसत्या भयानें एक नगरी गुडघे टेकते. तो येतो, शिरस्त्राण उघडतो, आणि आंत कोणीच नसतें. तें रिकामेंपण फक्त निवेदकास दिसतें, आणि त्याच्याकडून आपणांस. तो निवेदक होता तरुण ऑर्सन वेल्स. १५ डिसेंबर १९४१ रोजीं, पर्ल हार्बरनंतर अवघ्या आठ दिवसांनीं, नागरिकांच्या हक्कांच्या सनदेस दीडशें वर्षें झाल्यानिमित्त नॉर्मन कॉर्विन ह्यांचें 'वुइ होल्ड दीज ट्रूथ्स' चारी संस्थांवरून एकदम ऐकविलें गेलें. तेथें ना दंतमंजन होतें, ना कॉफी.

वेल्सच्या मंगळावरील स्वारीची गोष्ट सर्वश्रुत आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं त्यानें एच. जी. वेल्स ह्यांची कादंबरी बातमीपत्राच्या रूपांत सादर केली आणि सारा देश भयानें रस्त्यावर धांवला, असें अद्याप पुस्तकांतून छापतात. कांहीं लोक घाबरले हें खरें. परंतु त्या रात्रीं दूरध्वनीवरून केलेल्या पाहणींत शंभरांपैकीं दोघेच तो कार्यक्रम ऐकत होते. बहुतेक देश बर्गेनच्या बाहुल्याचें बोलणें ऐकण्यांत गुंतला होता. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांनीं जो गहजब केला त्यामागें, आपल्या जाहिराती पळविणाऱ्या प्रतिस्पर्ध्याविषयींचा राग होता, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें आहे. वेल्सच्या ह्या कार्यक्रमास तोंवर यजमान नव्हता. ह्या गाजावाजानंतर कॅम्बेल सूप कंपनीनें तो उचलला आणि डिसेंबरांत त्याचें नांव 'कॅम्बेल प्लेहाउस' झालें.

अस्त झाला तो श्रोत्यांनीं पाठ फिरविल्यामुळें, असें म्हणणें अर्धेंच खरें आहे. १९५० मध्यें शंभरांपैकीं ९ घरांत दूरचित्रवाणी होती. १९५५ मध्यें सुमारें दोनतृतीयांश घरांत ती गेली. रेडिओच्याच नफ्यावर एनबीसी आणि सीबीएस ह्यांनीं हें नवें यंत्र पोसलें, आणि यजमान दक्षिणेची थैली उचलून तिकडच्या मंडपांत जाऊन बसले. त्यांच्या मागून नट गेले, पण सर्वांना जातां आलें नाहीं. 'गनस्मोक' ह्या मालिकेंत १९५२ पासून विल्यम कॉनरॅड आपल्या गंभीर आवाजानें मार्शल मॅट डिलन उभा करीत असे. १९५५ मध्यें ती मालिका पडद्यावर गेली तेव्हां हा स्थूल देहाचा नट डावलून उंचापुऱ्या जेम्स आर्नेसला ती भूमिका देण्यांत आली. इर्ना फिलिप्सची 'गायडिंग लाइट' मात्र १९३७ मध्यें रेडिओवर जन्मून १९५२ मध्यें पडद्यावर गेली, आणि तेथें २००९ पर्यंत चालली.

आपल्याकडे रेडिओ सरकारी असल्यामुळें हा जाहिरातींचा प्रवाह फार उशिरां आला. विविधभारतीवर मुंबई, पुणें व नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ मध्यें, म्हणजे अमेरिकेंतील हा सारा खेळ आटोपल्यावर.

तिकडे २५ नोव्हेंबर १९६० रोजीं सीबीएसनें उरलेल्या चार साबणी कथा एकाच दिवशीं बंद केल्या. त्यांत 'मा पर्किन्स' होती. व्हर्जिनिया पेन त्या वेळीं पन्नाशीची झाली होती. रविवार, ३० सप्टेंबर १९६२ रोजीं सायंकाळीं विम्याच्या लबाड्या हुडकणाऱ्या 'जॉनी डॉलर'चा शेवटचा प्रयोग झाला, आणि त्यापाठोपाठ 'सस्पेन्स'चा, ज्या मालिकेंत एकोणीस वर्षांपूर्वीं ती अंथरुणावरची स्त्री टेलिफोन फिरवीत बसली होती.