जुन्या मोटारसायकलचा पुढचा फोर्क : गळती थांबते, दोष राहतो

यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल १९८५ मध्ये भारतीय बाजारात आली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यानंतर जवळपास तीन दशके उलटली, तरी या गाडीचा चाहता वर्ग ओसरलेला नाही. मात्र आज रस्त्यावर दिसणाऱ्या अनेक आरएक्स १०० कारखान्यातून निघाल्या तशा राहिलेल्या नाहीत. कुणी हँडल खाली घेतले आहे, कुणी रुंद टायर चढवले आहेत, तर कुणी पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क बसवली आहे. या बदलांचा मोठा भार ज्या दोन नळ्या पेलतात, त्या पुढच्या फोर्कची, म्हणजे मेकॅनिकच्या बोलीतील ‘शॉकअप’ची, आठवण मात्र त्यातून तेल गळू लागल्यावरच होते.

अशा वेळी गॅरेजमध्ये सर्रास होणारा इलाज म्हणजे नवे ऑइल सील आणि नवे तेल. काम एका दिवसात होते, खर्चही फारसा येत नाही. पण काही आठवड्यांत नळीवर पुन्हा तेलाचा ओघळ दिसतो आणि दोष सीलच्या दर्जाला दिला जातो. वस्तुतः बऱ्याचदा सील निर्दोष असते. ते ज्या नळीवर घासते ती नळीच खराब झालेली असते.

दोन नळ्यांमधील यंत्रणा

तेलाच्या साहाय्याने हादरे शमवणारा टेलिस्कोपिक फोर्क उत्पादनातील मोटारसायकलवर प्रथम आणला तो जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने, १९३५ मध्ये, आपल्या आर १२ आणि आर १७ या मॉडेलांवर. नंतरच्या काळात हीच रचना जगभर रूढ झाली. तिचे तत्त्व सोपे आहे. वरच्या बाजूला घट्ट बसवलेली क्रोमची नळी, म्हणजे फोर्क पाइप, खालच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडरमध्ये वरखाली सरकते. आत स्प्रिंग, तेल आणि बारीक छिद्रे असलेला डॅम्पर रॉड असतो. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते. स्प्रिंग पुन्हा उसळू लागली की छिद्रांतून वाट काढणारे तेल तिला आवरते. तेल नसेल, तर प्रत्येक खड्ड्यानंतर गाडीचा पुढचा भाग चेंडूसारखा उड्या मारत राहील.

तेल आणि बाहेरची धूळ यांच्यामध्ये सीलची रबरी कड उभी असते. नळीवरील क्रोम आरशासारखे गुळगुळीत असेल तोवर ही कड आपले काम चोख बजावते. पावसाळ्यातील गंज, उडणारे खडे आणि चिखल यांमुळे क्रोमवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले, की प्रत्येक हालचालीत रबर थोडे थोडे कापले जाते. अशा नळीवर कितीही महागडे सील बसवले तरी ते टिकत नाही.

धोका नुसत्या गळतीचा नाही. डिस्क बसवलेल्या गाडीत स्लायडरवरून ओघळणारे तेल ब्रेकच्या पॅडपर्यंत पोहोचू शकते. तेल प्यायलेले पॅड ऐन वेळी पकड सोडतात. शिवाय एका पायातील तेल कमी झाले की दोन्ही पाय सारखे काम करत नाहीत आणि ब्रेक दाबताच पुढचा भाग झपकन खाली जातो.

बदलांचा हिशेब

ब्रेक लावल्यावर गाडीचा भार मागून पुढे सरकतो. गाडी १०० किलोची, चालक ७० किलोचा, दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटरवर आणि दोन चाकांतील अंतर १२५ सेंटीमीटर असे धरू. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या तीव्रतेने ब्रेक लागला, तर सुमारे ४० किलोचा जादा भार पुढच्या चाकावर येतो. ब्रेक जितका जोरकस, तितका हा भार अधिक. म्हणजेच ड्रमच्या जागी डिस्क बसवणाऱ्याने नकळत फोर्कचेही काम वाढवलेले असते. खाली घेतलेले हँडल चालकाचे वजन पुढे ढकलते. क्रॅश गार्ड आणि जड टायर आपापला वाटा उचलतात.

पुढचा भाग फार दबतो म्हणून केले जाणारे उपायही तपासून पाहावे लागतात. स्प्रिंगवर लांब स्पेसर टाकला की गाडी उंच बसते, पण स्प्रिंगचा मूळ कडकपणा तसूभरही वाढत नाही. स्प्रिंग कापली तर वेटोळी कमी होऊन ती कडक होते, मात्र तिची लांबीही घटते. दाट तेल भरल्यास हालचाल मंदावते, पण ती सर्वत्र. लागोपाठच्या खड्ड्यांवर फोर्कला परत उघडायला वेळच मिळत नाही आणि हादरे थेट मनगटात येतात. ठरलेल्यापेक्षा जास्त तेल भरणे आणखी घातक ठरते. वरची हवेची जागा कमी होऊन आतला दाब वाढतो आणि सील बाहेर फेकले जाण्याची शक्यता निर्माण होते.

म्हणूनच बदल केलेल्या गाडीचा फोर्क नव्याने बांधण्यापूर्वी वजनाखाली तो किती बसतो, हे मोजणे श्रेयस्कर. चाक अधांतरी असताना आणि चालक बसलेला असताना नळीचा उघडा भाग मोजावा. दोन मापांतील फरक फोर्कच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा असणे, हे रस्त्यावरील गाडीसाठी योग्य प्रमाण मानले जाते.

उकलताना काय पाहावे

या कामात क्रमाला महत्त्व आहे. नळी वरच्या पकडीत असतानाच तिची टोपी सैल केली जाते, कारण नळी हातात आल्यावर ती फिरवणे कठीण होते. खालचा ॲलन बोल्ट ढिला करताना आतला डॅम्पर रॉड सोबत फिरू लागतो. स्प्रिंग काढण्यापूर्वीच तो बोल्ट सोडवला, तर स्प्रिंगच्या दाबाने रॉड जागेवर राहतो आणि बरेचसे श्रम वाचतात.

सुटी झालेली नळी ‘व्ही’ आकाराच्या दोन ठोकळ्यांवर फिरवून तिचा बाक डायल गेजने मोजतात. अनेक कंपन्यांच्या दुरुस्तीपुस्तिकांत ०.२ मिलिमीटरची मर्यादा दिलेली आढळते. डोळ्याला न दिसणारा हा बाक फोर्कला अडकवत ठेवतो आणि सील एका बाजूने झिजवतो. वाकलेली नळी प्रेसवर सरळ करून देणारे कारागीर शहरोशहरी आहेत. पण एकदा वाकून पुन्हा सरळ केलेला धातू पहिल्यासारखा राहत नाही. अनेक पुस्तिका अशी नळी वापरू नये, असे स्पष्टपणे बजावतात. पुढचे चाक ज्याच्या आधारावर उभे आहे, त्या भागात ही काटकसर जिवावर बेतू शकते.

नळी सरळ आहे, पण क्रोम खराब झाले आहे, अशा वेळी हार्ड क्रोम चढवून आणि मूळ मापात ग्राइंडिंग करून ती वाचवता येते. शोभेसाठी दिला जाणारा साधा मुलामा येथे उपयोगाचा नाही. झिजलेले बूश बदलावेत. काही जुन्या लहान फोर्कमध्ये वेगळे बूश नसून स्लायडरच घासत असतो. तो सैल झाला असेल तर बदलण्यावाचून पर्याय नसतो. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग शोधणाऱ्याने जुना भाग आणि व्हर्निअर कॅलिपर सोबत नेलेला बरा.

जोडणीतील बारकावे

नवे सील चढवताना नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी ओढली, तर धारदार कडेने रबर फाटत नाही. सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे हवी. बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवेच घालावे. तेल भरल्यावर नळी सावकाश वरखाली करून हवा काढायची आणि मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वरच्या कडेपासून तेलाची पातळी मोजायची. दोन्ही पायांत ती तंतोतंत सारखी हवी. अखेरीस ॲक्सल आवळून, पण त्याचा पकडबोल्ट सैल ठेवून, फोर्क चार-पाच वेळा दाबला की दोन्ही पाय समांतर येतात. त्यानंतरच तो बोल्ट घट्ट करावा. हँडलचा कोन सेट तपासायची संधीही हीच.

कायद्याची बाजूही नजरेआड करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर निर्बंध आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. मूळ मापाचे भाग घालून केलेली दुरुस्ती वेगळी, आणि दुसऱ्या मॉडेलचा अख्खा फोर्क बसवणे वेगळे.

जुन्या गाडीवर जीव लावणारे तिच्या इंजिनाच्या आवाजासाठी आणि रंगासाठी सढळ हाताने खर्च करतात. गॅरेजमध्ये गाडी सोपवताना त्यांनी दोन साधे प्रश्न विचारायला हवेत. नळीचा बाक मोजला का? आणि दोन्ही पायांतील तेलाची पातळी किती ठेवली? या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर काम योग्य हातात आहे असे समजायला हरकत नाही.