एका गवताच्या नावातले भिडे

गवतांच्या शास्त्रीय वर्गीकरणात ‘भिडिया’ हा सह्याद्रीच्या परिसरातील एक वंश, म्हणजे निकटच्या जातींचा गट, असून त्याचे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आर. के. भिडे यांच्यावरून पडले आहे.

हे नाव लंडनजवळच्या क्यू वनस्पती उद्यानातील ओटो स्टाप्फ यांनी सुचवले, आणि भारतीय वनसेवेत राहिलेल्या नॉर्मन बोर यांनी ते १९४९ मध्ये रीतसर प्रसिद्ध केले.

भिडे यांनी वर्णिलेली एक जात पुढे सी. ई. हबर्ड यांनी ‘डँथोनिडियम’ या वेगळ्या वंशात नेली. मात्र जात दुसऱ्या वंशात गेली तरी पहिल्या वर्णनकर्त्याचे नाव कंसात कायम ठेवण्याचा नियम असल्यामुळे ‘भिडे’ हे नाव तेथेही टिकले, आणि हा नियम न्याय्यच म्हटला पाहिजे.

नाव ठरवण्याआधी गवत ओळखावे लागते, आणि गवताची ओळख पानांपेक्षा कणिशिकेवरून, म्हणजे तुषांनी वेढलेल्या सूक्ष्म फुलोऱ्यावरून, अधिक खात्रीने पटते. वऱ्हाडातील बडनेऱ्याजवळच्या पोहरा-मालखेडच्या रानातील कुसळी गवतात कणिशिकेचे लांब कुसळ ओलाव्यानुसार पीळ घेते व सोडते, आणि त्या हालचालीने बी जमिनीत शिरते.

ब्लॅटर व मॅक्कॅन यांचा ‘बॉम्बे ग्रासेस’ (१९३५) आणि पोतदार, साळुंखे व यादव यांचा ‘ग्रासेस ऑफ महाराष्ट्र’ (२०१२) हे ग्रंथ अभ्यासकांनी अवश्य पाहावेत.

वऱ्हाडातील एखाद्या गवताविषयी शंका असल्यास वाचकांनी तुऱ्याच्या स्पष्ट छायाचित्रासह जरूर विचारावी.