फाटक्या नोटेची किंमत

कोलकात्याच्या लालदिघी तळ्याभोवतीच्या चौकाला पूर्वी डलहौसी स्क्वेअर म्हणत. आज तो बिनय-बादल-दिनेश बाग आहे. तिथे करन्सी बिल्डिंग नावाची तीन मजली इमारत उभी आहे. बांधणी 1833 ची, वळण इटालियन, खिडक्या उंच व्हेनिशियन धाटणीच्या, दार डौलदार लोखंडी फाटकाचे. बाहेरून ती धडधाकट दिसते, पण आत गेले की मधोमध छतच नाही. चारी बाजूंना उघड्या विटांच्या कमानी आणि वर मोकळे आकाश. पूर्वी इथे घुमटाखालचे मुख्य दालन होते आणि त्यात वरून उजेड उतरत असे. तो घुमट वादळाने वा भूकंपाने गेला नाही. 1990 च्या दशकात माणसांनीच तो पाडायला घेतला. पुढे इमारतीची दुरुस्ती झाली तेव्हा तो पुन्हा बांधला गेला नाही. माझ्या मते हे ठीकच झाले, आणि त्याचे समर्थन या इमारतीच्या जुन्या धंद्यातच सापडते.

इमारत मुळात आग्रा बँकेची. सरकारने 1861 च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार प्रेसिडेन्सी बँकांकडून स्वतःकडे घेतला आणि कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी नोटांची मंडळे आखली. 1866 च्या आर्थिक पडझडीत आग्रा बँकेला व्यवहार थांबवावे लागले. ती नंतर सावरली, पण 1868 मध्ये इमारतीचा मोठा भाग सरकारच्या करन्सी खात्याकडे आला आणि तेच नाव तिला चिकटले. व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या पहिल्या नोटांची नक्कल होऊ लागली होती, म्हणून त्या मागे घेऊन 1867 पासून नव्या नोटा आल्या. त्या एकाच बाजूला छापलेल्या असत आणि रक्कम अनेक लिप्यांत लिहिलेली असे. ज्या मंडळाची नोट, तिथेच तिचे रुपये मिळत. ही अट छोट्या नोटांपुरती 1903 ते 1911 या काळात टप्प्याटप्प्याने उठली. नोट म्हणजे तेव्हा चांदी देण्याचा सरकारी शब्द होता, आणि तो शब्द पाळण्याची जागा म्हणजे करन्सी ऑफिस. टपालात चोरी होईल या भीतीने व्यापारी नोट मधोमध कापत, एक अर्धी आधी पाठवत आणि पोच आली की दुसरी. अशा कापलेल्या, फाटलेल्या नोटांचा निवाडाही याच खात्याचे काम. थोडक्यात, खरे काय, खोटे काय आणि अर्धे उरलेले असले तरी खरे काय, हे ठरवण्यात या खात्याची कित्येक वर्षे गेली.

1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय आधी कलकत्त्यात, याच वास्तूत होते. 1937 मध्ये ते कायमचे मुंबईला आले. मुंबईच्या फोर्टाला देशाच्या पैशाची राजधानी मानण्याची आपली सवय इतकी पक्की आहे, की या दोन वर्षांची आठवण फारशी निघत नाही. मागे राहिलेली इमारत हळूहळू केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे कोठार बनली. पुढे ती पाडून नवे बांधकाम करायचे ठरले आणि हातोडा मधल्या घुमटावर पडला. वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि कोलकाता महानगरपालिका यांनी आडकाठी केली म्हणून बाकीची इमारत वाचली. त्यानंतर ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात गेली, बराच काळ दुरुस्ती चालली आणि जानेवारी 2020 मध्ये संग्रहालय म्हणून तिचे उद्घाटन झाले. बंगालच्या कलेचे ‘घरे बाइरे’ हे मोठे प्रदर्शन तिथे मांडले होते.

घुमट नसेल तर इमारत अपुरी नाही का, असा आक्षेप रास्त आहे. वास्तुरचनाकाराने कल्पिलेला उजेड आता तिथे नाही, पाऊस आत येतो, आणि हे दालन म्हणजेच इमारतीचा गाभा होता. पण आज बांधलेला घुमट 1833 चा असल्यासारखा दिसला, तर पाहणारा फसेल. आणि बनावट ओळखणे हेच जिथले काम, तिथे ही फसवणूक विशेष खुपते. नोट फाटली तर उरलेला भाग पाहून तिचे मोल ठरवतात, हरवलेला तुकडा हाताने रंगवून जोडत नाहीत. शिवाय घुमट परत आला असता, तर सरकारी खात्याच्याच हातून एक चांगली इमारत जवळजवळ गेली होती, हा पुरावाही झाकला गेला असता. तो झाकू नये.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. गजबजलेल्या व्यापारी चौकात संग्रहालय कशाला? दुकाने, कचेऱ्या असत्या तर इमारतीने स्वतःचा खर्च काढला असता आणि माणसांची रोजची ये-जा राहिली असती. कोठार म्हणून वापरतानाच तिची दुर्दशा झाली, म्हणजे वापर असला की इमारत टिकतेच असे नाही, हे खरे. तरी प्रदर्शने येतात आणि जातात, 2021 मध्ये ‘घरे बाइरे’ही तिथून उठले, आणि मधल्या काळात ओस पडण्याचा धोका राहतोच. माझी तक्रार वेगळी आहे. कलेचे प्रदर्शन कुठल्याही चांगल्या दालनात लागू शकते. नोट कशी चालत असे, ती कशी पारखत, कलकत्त्याची नोट मुंबईत का अडत असे, हे सांगायला याहून योग्य जागा नाही. रिझर्व्ह बँकेचे एक संग्रहालय मुंबईत फोर्टात आहे, दुसरे कोलकात्यातच काउन्सिल हाऊस स्ट्रीटवर, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणून पुनरुक्ती होईल, असे कोणी म्हणेल. पण तिथे नोटा काचेमागे आहेत. इथे त्या ज्या इमारतीतून लोकांच्या हाती गेल्या, ती इमारतच समोर आहे. त्या उघड्या चौकात कापलेल्या नोटेचे दोन तुकडे शेजारी शेजारी मांडावेत, आणि वरच्या आकाशाखाली घुमट कधी व कोणी पाडला, ते दोन ओळींत स्पष्ट लिहावे.