शालीखालचे हात

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'ची मूळ शेवटासह नव्याने सिद्ध केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली, आणि ज्यांना या चित्रपटाचे संवाद तोंडपाठ आहेत अशांनाही त्यात अद्याप न दिसलेले काही सापडू शकते, हा जुना अनुभव पुन्हा बोलण्यात आला. अमेरिकी 'वेस्टर्न'चा, म्हणजे घोडेस्वार दरोडेखोर, उघडा माळ आणि भाडोत्री बंदूकधारी यांच्या कथेचा साचा भारतीय मातीत रुजवणारा हा चित्रपट दृष्टिविज्ञानाच्या अभ्यासकाला फार मोलाचा आहे, कारण त्याच्या मध्यावरचा सर्वांत मोठा धक्का पूर्णपणे प्रेक्षकाच्या न पाहण्यावर उभा आहे.

पूर्वी पोलीस अधिकारी असलेल्या ठाकूर बलदेवसिंगाला हात नाहीत, ही गोष्ट दरोडेखोर गब्बरच्या टोळीने होळीच्या दिवशी केलेल्या हल्ल्यानंतर उघड होते, परंतु ती लपवलेली कधीच नसते. तोपर्यंत रामगढ या आपल्या गावात ठाकूर जेव्हा जेव्हा दिसतो तेव्हा त्याच्या अंगावर शाल असते; तो काही उचलत नाही, कोणाला हात जोडत नाही, कामे त्याचा नोकर रामलाल करतो. तरीही पहिल्यांदा पाहणाऱ्याला यात वावगे काही वाटत नाही, आणि याचे कारण कथेच्या रचनेत आहे. शालीतला ठाकूर जय आणि वीरू या दोन भुरट्या चोरांची आठवण सांगू लागतो आणि लगेच मालगाडीवरच्या दरोड्याचा दीर्घ प्रसंग येतो, ज्यात तोच ठाकूर गणवेशात, दोन्ही हातांनी बंदूक चालवताना दिसतो. वर्तमानात न दिसणारे हात प्रेक्षकाचा मेंदू भूतकाळातून उसने आणतो आणि शालीखाली ठेवून देतो. होळीच्या प्रसंगात बंदूक ठाकुराच्या पायाशी पडलेली असते, जय साद घालतो आणि ठाकूर ती उचलत नाही, तेव्हासुद्धा प्रेक्षक त्याच्या भित्रेपणावर चिडतो; हातांची शंका त्याच्या मनाला शिवत नाही.

या न दिसण्याचे मूळ डोळ्याच्या घडणीतच आहे. दृष्टिपटलाच्या मध्यावरील जो लहानसा खळगा बारकावे टिपतो, त्याच्या वाट्याला हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढेच क्षेत्र येते. बाकीचे दृश्य धूसर असते, आणि डोळा सेकंदाला सुमारे तीन उड्या मारत ते तुकड्यातुकड्यांनी वेचतो. पण डोळा ज्यावर रोखलेला आहे तेही दिसेलच असे नाही. लक्ष दुसरीकडे गुंतल्यामुळे समोरची ठळक गोष्ट न दिसण्याला अनवधानाचे आंधळेपण म्हणता येईल. त्याचा उल्लेख निघाला की सर्वांना १९९९ मधील प्रयोगातला, चेंडू खेळणाऱ्यांमधून चालत जाणारा गोरिला आठवतो, जो सुमारे निम्म्या प्रेक्षकांना दिसलाच नव्हता. या गोरिलाच्या कीर्तीत उल्रिक नायसर यांचे नाव झाकले गेले, ही खेदाची गोष्ट आहे. नायसर आणि रॉबर्ट बेकलेन यांनी एकाच पडद्यावर दोन खेळ एकमेकांवर पारदर्शक चित्रांसारखे दाखवले, त्यांतील एकाकडे लक्ष द्यायला सांगितले, आणि दुसऱ्या खेळात चाललेल्या विचित्र गोष्टी प्रेक्षकांना बहुधा जाणवल्याच नाहीत असे दाखवून दिले. पुढच्या एका प्रयोगात छत्री घेऊन खेळाडूंमधून जाणारी तरुणी जेमतेम पाचव्या हिश्शाच्या प्रेक्षकांना दिसली. त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला ते वर्ष १९७५, म्हणजे 'शोले'चेच. ज्या वर्षी मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात हजारो प्रेक्षक ठाकुराच्या शालीकडे पाहूनही ती पाहत नव्हते, त्याच वर्षी त्या न पाहण्याचे प्रायोगिक शास्त्र आकार घेत होते.

प्रेक्षकाचे लक्ष कोठे असेल हे मात्र प्रयोगशाळेच्या आधी संकलकाला ठाऊक होते. 'शोले'चे संकलक माधवराव शिंदे यांच्यापुढे चित्रित फिल्मचा सुमारे तीन लाख फुटांचा ढीग होता असे सांगितले जाते. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने पळते, तेव्हा हा ऐवज पंचावन्न तासांहून अधिक भरतो, आणि त्यातून साडेतीन तासांच्या आतला चित्रपट कात्री आणि चिकटपट्टीने निघाला. या चित्रपटाला प्रदर्शनानंतरच्या फिल्मफेअर सोहळ्यात मिळालेला एकमेव पुरस्कार संकलनाचा, शिंदे यांचा आहे, आणि तरीही 'शोले'च्या गौरवगाथेत त्यांचे नाव ओझरते येते. आज अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई मार्ग आणि ओशिवऱ्याच्या पट्ट्यातील संकलनाच्या खोल्यांत हेच काम संगणकावर चालते, पण 'ॲक्शनवर कट' ही युक्ती तीच आहे: हात उचलण्याची क्रिया एका शॉटमध्ये सुरू करून दुसऱ्यात पुरी करायची, म्हणजे डोळा हालचालीमागे जातो आणि सांधा निसटतो. २००८ मध्ये टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन यांनी प्रेक्षकांना प्रत्येक कट दिसताच कळ दाबायला सांगितले, तेव्हा, म्हणजे मुद्दाम शोधत असतानाही, अशा सांध्यांपैकी सुमारे एक तृतीयांश सांधे त्यांच्या नजरेतून सुटले. त्याच वर्षी उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी सर्जिओ लिओने यांचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा वेस्टर्न पाहणाऱ्यांच्या मेंदूंची तुलना मांडली: मेंदूच्या बाह्य थराचा सुमारे ४५ टक्के भाग सर्व प्रेक्षकांत एकसारखा प्रतिसाद देत होता, तर बागेतील वर्दळीच्या असंकलित चित्रफितीला हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी भरले.

म्हणूनच 'तुम्हाला न दिसलेल्या पन्नास चुका' अशा थाटाच्या याद्यांना चित्रपटकर्त्यांच्या गाफीलपणाचा पुरावा मानणे अन्यायाचे आहे. शेवटच्या मारामारीत ठाकुराच्या कुर्त्याआड हातांचा आकार जाणवतो हे खरे, पण त्या क्षणी प्रेक्षकाची नजर गब्बरच्या चेहऱ्यावर आणि ठाकुराच्या पायांवर खिळलेली असते. ती चूक दिसू लागते ती कथेने डोळ्यांवरची पकड सोडल्यानंतर. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रकार रेपिनचे एकच चित्र एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवले आणि प्रत्येक प्रश्नागणिक नजरेची वाट निराळी उमटल्याचे नोंदले. पुढे काय होणार, हा प्रश्न पहिल्या वेळी नजरेला हाकत असतो; दुसऱ्या वेळी तो उरत नाही, आणि सुटलेली नजर चौकटीच्या कडांपर्यंत फिरू लागते.

जयचे नाणे अशा सुटलेल्या नजरेलाच दिसते. जखमी ठाकुराला रुग्णालयात न्यायचे की पळून जायचे, हे मालगाडीच्या प्रसंगात नाणे उडवून ठरते. पुलाजवळ कोणी थांबायचे हेही तसेच ठरते. आणि जयच्या मृत्यूनंतर वीरूच्या तळहातावर ते नाणे उलटते तेव्हा त्याच्या दोन्ही बाजू एकच असल्याचे कळते. हे जाणणारा प्रेक्षक चित्रपट पुन्हा लावतो, मालगाडीपाशी नाणे हवेत उडते, वीरूचे डोळे त्याच्यामागे वर जातात, आणि या खेपेला प्रेक्षक नाण्याकडे न पाहता जयच्या चेहऱ्याकडे पाहतो.