नांगर दोन : एक रानातला, एक दर्यातला

पहूरजवळून वाहणारी वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून येते. पुढे ती तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या खाली अरबी समुद्राला. मध्ये उकाईचे मोठे धरण आहे, बंधारे आहेत, तरी भर पावसाळ्यात आपल्या शिवारातून वाहून गेलेल्या पाण्याचा शेवट खाऱ्या पाण्यातच होतो. पहूरच्या माणसाला समुद्र फार लांबचा वाटतो खरा, पण त्याचा आणि आपला संबंध असा जुना आहे.

हा संबंध पाहायचा तर फार लांब जायला नको. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवले आहे. तीन शिडे, आत ओळीने मांडलेले रांजण आणि भोवती खवळलेले पाणी. ते चित्र पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतले आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्याचा. समुद्रात अडकलेल्या भावाला त्याने कसे वाचवले, ती ही गोष्ट. दर्यावर गेलेल्या माणसाची घरी वाट पाहणे हा प्रकार किती जुना आहे, हे त्या भिंतीवरून कळते.

आणि आठवडे बाजारात तर समुद्र दर खेपेला आपल्या भेटीला येतो. सुके बोंबील, सुकट, सोडे घेऊन बसलेल्या बाईपुढे आपण थांबतो, भाव करतो, पिशवी भरतो. बाजरीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी असली की दुसरे कालवण लागत नाही. पण तो बोंबील ज्या घरातून आला, त्या घराची शेती कशी चालते, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. आज त्या घराची ओळख करून घेऊ.

घर तसेच, शिवार निराळे

मराठीत ‘नांगर’ हा शब्द दोन ठिकाणी चालतो. आपला नांगर जमीन उकरतो, कोळ्याचा नांगर होडी जागेवर धरून ठेवतो. शब्द एक तशी घराची रीतही बरीचशी एकच. कोळ्याचे घर हे शेतकऱ्याच्या घरासारखेच राबणारे घर आहे. होडीचा मालक तो नाखवा. ती चालवणारा, पाण्याचा आणि माशाच्या जागेचा जाणता तो तांडेल. बाकीचे खलाशी. लहान होडीवर बाप, मुलगा, भाऊ, पुतण्या असे घरचेच लोक असतात. मोठ्या बोटीवर मजुरीने किंवा वाट्याने खलाशी घेतात, आणि त्यांतले कितीतरी गावाबाहेरून आलेले असतात.

पुरुष पाण्यावर, तर बाया काठावर. मासा किनाऱ्याला लागला की पुढचा कारभार बायांचा. निवडणे, साफ करणे, वाळवणे, टोपलीत भरून बाजारात नेणे आणि पैशाचा हिशेब ठेवणे. आपल्याकडे कापूस वेचणीला बाई, पण गाडी विकायला जातो पुरुष. कोळीवाड्यात विक्रीची सूत्रे पूर्वीपासून बाईच्या हाती. मुंबईच्या बाजारात कोळिणीशी भाव करून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

दर्याचे पंचांग

आपण मृग, आर्द्रा पाहून पेरतो. कोळी तिथी पाहतो. चंद्राच्या ओढीने समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, तो भांग. उधाणात पाण्याला ओढ जोराची, म्हणून काही जाळ्यांना ते दिवस सुगीचे. सातपाटीसारख्या खाडीकाठच्या बंदरात गाळ इतका साचलेला असतो की भरतीची वेळ चुकली तर बोट आत घेता येत नाही. पाण्याची पाळी चुकलेल्या शेतकऱ्यासारखी गत होते.

वर्षाचाही हिशेब आहे. आखाजी होऊन लेकी सासरी परतल्या की आपली पेरणीची धावपळ सुरू होते, त्याच दिवसांत कोळी होड्या किनाऱ्यावर ओढू लागतात. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. एक तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात दर्या खवळलेला असतो. दुसरे म्हणजे पुष्कळ जातींचे मासे याच सुमारास अंडी घालतात. या काळात होडीची डागडुजी, तळाला रंग, जाळ्यांची विणाई. श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी आपला पोळा. ते दर्याची पूजा करून कामाला लागतात, आपण बैलाची पूजा करून त्याला एक दिवस विसावा देतो.

जाळे कसे काम करते

ठाण्यापासून रायगडपर्यंतच्या किनाऱ्यावर डोल नावाचे जाळे वापरतात. हे भल्या मोठ्या नरसाळ्यासारखे असते. तोंड रुंद, शेपटी निमुळती. समुद्राच्या तळात खुंट ठोकून त्याला ते बांधतात आणि तोंड ओढीच्या दिशेला ठेवतात. भरती-ओहोटीचे पाणी आपसूक मासा आत आणून सोडते. पाणी थबकले की जाळे उचलायचे. पाटाच्या तोंडाशी टोपली लावून मासे धरणाऱ्या पोरांना ही युक्ती लगेच समजेल.

डोलीचा मुख्य मासा बोंबील. त्याच्या अंगात पाणीच जास्त, म्हणून ओला फार टिकत नाही. बांबूंच्या मांडवावर दोर बांधून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि दोरावर टाकून देतात. ऊन-वाऱ्यात तो वाळतो, हलका होतो आणि मगच पहूरपर्यंतचा प्रवास त्याला झेपतो. वाळवणात एक अवकाळी सर आली तरी नुकसान ठरलेले. खळ्यावर ज्वारी भिजलेल्या माणसाला ते दुःख सांगावे लागत नाही.

पापलेट, सुरमई, घोळ यांसाठी खोल पाण्यात जावे लागते. तिथे भिंतीसारखे उभे जाळे पाण्यात सोडतात. माशाचे डोके आसात शिरते, कल्ले अडकतात आणि तो मागे फिरू शकत नाही. आस केवढा, त्यावर मासा केवढा मिळणार हे ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

खोल दर्यावरची एक फेरी

खोल पाण्याची फेरी काही दिवसांची असते. निघण्याआधी बोटीत डिझेल, बर्फ, गोडे पाणी, तांदूळ, पीठ, मीठ-मिरची भरावी लागते. म्हणजे मासा दिसण्याआधीच खर्च होऊन बसतो. त्यात सर्वांत मोठा वाटा डिझेलचा. बी, खत, फवारणी उधारीवर करून पावसाची वाट पाहणारा शेतकरी आणि डिझेल भरून निघालेला नाखवा यांच्या मनाची अवस्था एकच.

समुद्राची खोली कोळी वावेत मोजतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. विहिरीचा दोर आपणही असाच मोजत आलो. समुद्रावरचे अंतर मात्र सागरी मैलात, आणि एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा कायदा चालतो. त्यापलीकडे 200 मैलांपर्यंतची मासळी देशाच्या हक्काची असते.

आपला समुद्र उष्ण कटिबंधातला. थंड समुद्रात थोड्याच जातींचे मासे मोठ्या थव्यांनी सापडतात. आपल्याकडे जाती पुष्कळ, म्हणून एकाच जाळ्यात दहा प्रकारचा माल येतो. ज्वारी, तूर, मूग, अंबाडी एका रानात घेतल्यासारखे हे मिश्र पीक. ते निवडण्यात वेळ जातो आणि उष्ण हवेत मासा लवकर नासतो. बर्फाचा थर, माशाचा थर, पुन्हा बर्फ, अशी रचना तत्काळ केली नाही तर फेरी मातीमोल होते.

किनाऱ्याला आल्यावर लिलाव. पापलेटला आकार आणि वजनाप्रमाणे प्रत लावतात, जशी कापसाला लागते. मुंबईत 1875 साली बांधलेल्या ससून डॉकमध्ये पहाटेच बोली सुरू होते. माल नाशवंत, तेव्हा भाव पटला नाही म्हणून परत न्यायची सोय नाही. केळी उत्पादकाला ही अडचण तोंडपाठ आहे. उत्पन्नातून आधी खर्च वजा होतो, मग होडीचा आणि जाळ्याचा वाटा निघतो आणि उरलेले माणसांत वाटले जाते. गावागणिक रीत निराळी, पण बटईची कल्पना तीच.

जिवाची जोखीम

शेतात पीक जाते, दर्यात माणूस जातो. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान वादळ कोकणाच्या किनाऱ्यावर आले. ऐन हंगाम होता, होड्या पाण्यावर होत्या. कित्येक खलाशी परतले नाहीत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीत घरे, बागा, होड्या यांची दाणादाण उडवली. आता उपग्रहामुळे इशारे आधी मिळतात. हैदराबादची सागरी माहिती सेवा संस्था मासा कुठे असण्याचा संभव आहे, हेही कळवते. संकटात तटरक्षक दलाला 1554 या क्रमांकावर कळवता येते. तरीही वादळाचा इशारा लागला की कोळीवाड्यात प्रत्येक घरातली बाई दाराशी येऊन बसते.

बियाणेच खाल्ले तर?

आता मुख्य गोष्ट. सातपाटीचे नाव पापलेटासाठी गाजले. 4 सप्टेंबर 2023 रोजी सरकारने चंदेरी पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केले. हा मान मिळाला तोच मुळी हा मासा कमी होत चालला म्हणून. कारण आपल्याला समजेल असे आहे. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले धरली गेली. तळ खरवडणारी जाळी आली. मोठ्या थव्याला वेढा घालून एका झटक्यात सगळा उचलणारी पर्ससीन जाळी आली. रात्री प्रखर दिवे लावून मासा गोळा करण्याचा प्रकार सुरू झाला. ज्या पापलेटाने अजून एकदाही अंडी घातली नाहीत, तेच टोपलीत येऊ लागले.

राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा 1981 चा. पर्ससीनवर 2016 मध्ये मर्यादा आल्या. दिव्यांच्या मासेमारीवर 2017 मध्ये केंद्राने बंदी घातली. 2021 मध्ये कायदा सुधारून दंड वाढवला. 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी किमान आकार ठरवला. चंदेरी पापलेटासाठी तो 135 मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण सव्वापाच इंच. त्याहून लहान मासा धरू नये.

पण दर्यावर दर होडीमागे एक शिपाई कसा नेमणार? एकाने पिल्ले सोडली आणि दुसऱ्याने धरली, तर सोडणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटणार? भूजलाचा प्रश्न असाच आहे. शेजारी बोअर खोल नेतो म्हणून आपणही नेतो आणि शेवटी दोघांचीही कोरडी पडते. समुद्राला बांध नाही, त्यामुळे तिथे हे भांडण अधिक अवघड. लहान होडीवाल्यांचे पोट यात आधी मारले जाते, हे सरळ दिसते आहे.

यात गिऱ्हाइकाचेही काही कर्तव्य आहे. दुष्काळातसुद्धा आपल्या आजीने कणगीतले बियाणे दळले नाही. तळहातावर मावणारे बारके पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेणे हे बियाणे दळण्यासारखेच. शहरात पाहुणे म्हणून गेलात तर असे पापलेट घेऊ नका आणि यजमानांनाही सांगा. गिऱ्हाईक नसेल तर तो माल येणार नाही.

सहकुटुंब जायचे असेल तर

कापूस घरात आला, रब्बीला पाणी देऊन झाले की जानेवारी-फेब्रुवारीत चार दिवस काढून मुलाबाळांसह किनारा पाहून यावा. दर्या शांत असतो. पावसाळ्यात समुद्रावर जाण्याचा हट्ट धरू नये.

पूर्वी पहूरहून पाचोऱ्याला जाणारी लहान गाडी होती, ती 2020 मध्ये बंद झाली. आता एस.टी.ने जळगाव आणि तिथून रेल्वेने मुंबई गाठावी. पश्चिम रेल्वेवर पालघरला उतरले की सातपाटी जवळच. दापोली तालुक्यात हर्णैला गेलात तर एक मौज दिसेल. खोल पाण्यात उभ्या होडीतून मासळी काठावर आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात. लाटेत पोटापर्यंत उभे राहिलेले बैल पाहून आपल्या घरचा पोरगा ते जन्मभर विसरणार नाही. मालवणकडे रापण पाहावी. होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकतात आणि दोन्ही टोके काठावरून माणसे ओढतात. ओढणाऱ्या सगळ्यांना वाटा असतो. विचारून दोराला हात लावला तर कोणी नको म्हणत नाही.

होडीत बसायचे असेल तर तरंगजाकीट घातल्याशिवाय पाय टाकू नये. होडीवाला नको म्हणाला तर वाद घालू नये. मळमळ टाळायची तर पोट तुडुंब भरून किंवा अगदी रिकाम्या पोटी बसू नये आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी. सुका मासा घेताना तो खडखडीत वाळलेला, वाळू नसलेला पाहून घ्यावा.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. म्हणजे कर्ज, विमा, विजेचा दर यांत कोळी आणि शेतकरी एका रांगेत आले. कागदावरची ही रांग प्रत्यक्षात किती पुढे सरकते, ते दोघांच्याही अनुभवाचे आहे. पण रानातला नांगर आणि दर्यातला नांगर एकाच कुळातले, हे सरकारी कागदावर तरी मान्य झाले. पुढल्या बाजारी सुकटवालीशी भाव करताना एवढे आठवले आणि दोन रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस केली नाही, तरी पुरे.