‘क’च्या पोटात करवत

राजवाड्याजवळचं आत्याचं जुनं घर गेल्या वर्षी विकलं गेलं. सामान हलवताना दारावरची पाटी काढली, तर मागून ती वाळवीने पार पोखरलेली. ‘पांडुरंग कृपा’ ही सागवानात कापलेली अक्षरं पुढून शाबूत दिसत होती, पण हातात घेताच ‘डु’चा उकार गळून पडला. नव्या फ्लॅटच्या दाराला अगदी तीच अक्षरं हवीत, असा आत्याचा हट्ट. लाकूडही तिनेच दिलं. देवघराच्या जुन्या दाराच्या दोन फळ्या, मी त्या ६ मिलिमीटर जाडीपर्यंत रंधून घेतल्या. दोनच. माझ्याकडे स्क्रोल सॉ आहे हे तिला ठाऊक होतं. तो मला किती छळतो, हे ठाऊक नव्हतं.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिवणयंत्रासारखी रचना, पण सुईच्या जागी दोन्ही टोकांना पकडलेलं पाच इंच लांबीचं बारीक पातं. मिनिटाला साधारण ४०० ते १६०० वेळा ते वरखाली होतं आणि आपण लाकूड त्याभोवती फिरवायचं. नक्षी, जाळी, अक्षरं, लहान मुलांची लाकडी कोडी असं नाजूक काम यावर होतं.

देवनागरी आणि स्क्रोल सॉ यांचं छान जमतं. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी कापून एकेक चिकटवावी लागतात, आपला शब्द मात्र शिरोरेषेला धरून एकसंध राहतो. एक उचललं की सगळं उचललं जातं. फक्त अनुस्वार तेवढा सुटा पडतो. पण याच शिरोरेषेमुळे अक्षरांची पोटं बंद होतात. ‘प’चं पोट वरून बंद. ‘क’चा डावा गोल बंद. ‘ब’ला तर आडव्या रेघेमुळे दोन पोटं. गणपतीच्या मखरासाठी ‘गणपती बाप्पा मोरया’ कापायचं ठरवा आणि मोजा. वेलांटी शिरोरेषेला टेकवली आणि ‘म’ची गाठ पोकळ ठेवली, तर बंद जागा दहा होतात. प्रत्येक बंद जागेसाठी आत भोक पाडा, पातं वरून सोडवा, भोकातून ओवा, पुन्हा वर पकडा, ताण द्या, कापा, परत सोडवा. म्हणजे मराठीत काम करणाऱ्याचा खरा संबंध येतो तो पात्याच्या पकडीशी, म्हणजे क्लॅम्पशी. आणि स्वस्त यंत्रात नेमका तिथेच हात आखडता घेतलेला असतो.

पाती दोन प्रकारची. एकाच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, ती खाचेत अडकवली की झालं. सोपं, पण ती पिन जायला सुमारे ५ मिलिमीटरचं भोक लागतं. आत्याच्या पाटीवरच्या ‘क’चा गोल आतून जेमतेम ४ मिलिमीटरचा. पोटापेक्षा घास मोठा! दुसरं बिनपिनेचं, साधं चपटं पातं. पाच नंबरचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून सहज जातं. नाजूक कामाला हेच हवं. पण त्याला अडकायला पिनच नसल्याने सगळी भिस्त क्लॅम्पच्या दाबावर.

माझ्या यंत्राबरोबर बिनपिनेच्या पात्यासाठी दोन छोटे ठोकळे आले होते. प्रत्येकात एक बिनडोक्याचा स्क्रू, तो अ‍ॅलन कीने आवळायचा. दर भोकाला किल्ली शोधा, लावा, आवळा. तेही चाललं असतं. पण ‘पां’चं पोट कापून ‘डु’पाशी वळतोय तोच वरच्या क्लॅम्पमधून पातं निसटलं, लाकूड उडी मारून टेबलावर आपटलं आणि उकार मुळातून मोडला. एक फळी गेली. मशीन विकून टाकायचं आणि महागडं घ्यायचं, असं त्या रात्री जवळजवळ ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कामाने सराफ्यात गेलो. रात्री खाऊगल्ली होणारा सराफा दिवसा अजून सोनारांचाच असतो. एक कारागीर पदकावर जाळी कापत बसला होता. त्याच्या हातकरवतीच्या चौकटीत पातं कसं धरलंय ते वाकून पाहिलं. दोन सपाट जबडे आणि बोटांनी फिरवायचा पंखाचा स्क्रू. बस्स. किल्ली नाही, पिन नाही. त्याचं पातंही साधारण तेवढ्याच लांबीचं, १३० मिलिमीटरचं. त्याला माझी कहाणी सांगितली. तो हसला आणि पात्याचं टोक नखाने दाखवून म्हणाला, दात्यांना मेण लावा, टोकांना तेलाचं बोटसुद्धा लावू नका.

घरी येऊन ठोकळा उघडला. स्क्रूचं टोक सपाट नव्हतंच. वाटीसारखं खोलगट होतं, आणि तिची कड पात्यावर गोल ओरखडे काढत होती. असा स्क्रू आवळताना पात्यालाही स्वतःबरोबर थोडं फिरवतो. पातं तिरकं बसतं, एकाच कडेवर दाब येतो आणि ते निसटतं. शिवाय नव्या पात्यांवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो मी कधी पुसलाच नव्हता.

मग दुरुस्ती. आधी प्लग काढला, हे वेगळं सांगायला नको. पात्यांची दोन्ही टोकं थिनरने पुसली आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून थोडी खरबरीत केली. निम्मा त्रास इथेच संपला, आणि याला खर्च जवळपास शून्य. बाकी काही करणार नसाल तर एवढं तरी कराच.

नंतर स्क्रू. जुना स्क्रू घेऊन सियागंजात गेलो. आटे जुळल्याशिवाय नवा घ्यायचा नाही. माझा एम-५ निघाला, म्हणजे ५ मिलिमीटर व्यास आणि ०.८ मिलिमीटरचा आटा. तुमचा वेगळा असू शकतो, अंदाजाने जबरदस्तीने फिरवाल तर ठोकळ्याचे आटे मरतील. बोटांनी फिरवायचं मोठं गोल डोकं असलेले दोन स्क्रू घेतले आणि त्यांची टोकं तेलदगडावर घासून आरशासारखी सपाट केली. समोरच्या बाजूला, जिथे पातं टेकतं, तिथे छोटा सपाट टोकाचा स्क्रू कायमचा बसवला. हा पुढेमागे करून पातं मध्यभागी आणता येतं. वरचा आणि खालचा क्लॅम्प एका ओळंब्यात हवेत. टेबलावर छोटा गुण्या पात्याला लावून तपासा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे जाड ठोकळ्यात एक चीर पाडायची, ठोकळा मागे फिरवायचा आणि तीच चीर मागून पात्यात सरकवायची. अडखळली, तर टेबल किंवा क्लॅम्प तिरका आहे.

इथवर आलो आणि मला हाव सुटली. ओळखीच्या लेथवाल्याकडून पोलादाचे दणकट क्लॅम्पच घडवून आणले. पकड लोखंडी, पण यंत्र असं थरथरायला लागलं की टेबलावरचा चहाचा कप चालत काठाशी आला. कारण उघड आहे, मला आधी सुचलं नाही इतकंच. क्लॅम्प हातांच्या टोकाला बसतो आणि पात्याबरोबर मिनिटाला हजार वेळा वरखाली होतो. तिथे वाढवलेला प्रत्येक ग्रॅम यंत्राला झटका देतो. म्हणून चांगले क्लॅम्प हलके असतात. पोलादी जोडी आता पेपरवेट झाली आहे, आणि मी परत जुन्या ठोकळ्यांवर आलो, नव्या स्क्रूंसह.

तयार क्लॅम्पही मिळतात. स्वित्झर्लंडच्या पेगास कंपनीचे या क्षेत्रात नावाजलेले आहेत. पण ते ठरावीक मॉडेलांसाठीच बनतात, तेव्हा आपलं मॉडेल यादीत आहे का ते पाहून मगच पैसे मोजा. महागाचं यंत्र असेल तर तो खर्च शोभतो. साध्या यंत्राला आधी सपाट टोकाचे स्क्रू लावून बघा, असं माझं मत.

आणखी एक. हाताने फिरवायचा स्क्रू हातानेच आवळायचा, पक्कड लावायची नाही. पकड कमी वाटली तर टोक घासा, पातं पुसा. दाते खाली तोंड करून आहेत ना, ते बघा, मग ताण द्या आणि बोटाने पातं छेडा. तानपुऱ्याची तार जुळल्यासारखा स्वच्छ सूर आला पाहिजे. भदभद वाजलं तर ताण कमी आहे. कापताना चष्मा हवा, आणि एमडीएफ असेल तर तोंडावर मास्कही, तो भुसा फार बारीक असतो.

दुसरी फळी मी दोन आठवडे तशीच ठेवली होती. आधी चहाच्या खोक्याच्या प्लायवर ‘क’, ‘प’, ‘पां’ वीसेक वेळा कापले. पातं सोडून, ओवून, पुन्हा बसवायला आधी तीन-चार मिनिटं लागायची, आता अर्धा मिनिट. एकदाही निसटलं नाही, तेव्हा कुठे देवघराच्या सागवानाला हात लावला. तीन पोटं, दोन अनुस्वार. त्यातला एक अनुस्वार भुशात हरवला आणि चाळणीने चाळून काढावा लागला.

आत्याने चष्मा लावून पाटी बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, “‘डु’चा उकार जरा जाड झालाय रे.”

झालाय. मुद्दाम केलाय.