तसबिरीवरची ट्यूबलाइट

आजोबांच्या तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढला, तर त्यांच्या कपाळावर आमची ट्यूबलाइट आडवी उमटली. 'ॲपमध्ये टाका, जाईल,' मुलगी म्हणाली. गेलीही. पण तिच्यासोबत कपाळावरचा देवीचा वणही गेला.

हे कसं झालं, ते टोमॅटोवर चांगलं कळतं. टोमॅटोवर पडलेला काही प्रकाश सालीवरूनच उसळून परत येतो. तो दिव्याच्याच रंगाचा, म्हणजे पांढरा. उरलेला आत शिरतो, इकडेतिकडे विखुरतो आणि लाल होऊन बाहेर पडतो. स्टीव्हन शेफर यांनी १९८५ मध्ये या दोन्हींची बेरीज गणितात मांडली. समजा, टोमॅटोच्या साध्या भागात लाल, हिरवा, निळा यांचे आकडे १८०, ४०, ३० आहेत आणि चकाकीच्या कडेला २३०, ९०, ८०. तिन्हींत ५० जास्त, म्हणजे तेवढा दिवा. तो वजा केला की टोमॅटो परत मिळतो.

पितळेच्या तांब्यावर मात्र ही युक्ती फसते. धातूत प्रकाश आत शिरून परत येत नाही. चकाकीच पिवळसर असते, मग वजा काय करणार?

खरी अडचण चकाकीच्या मधोमध असते. साध्या फोटोत आकडा २५५ च्या पुढे जात नाही. तिन्ही रंग तिथे पोचले की खाली वण होता की तीळ, याची नोंदच उरत नाही. सॉफ्टवेअर मग आजूबाजूची त्वचा पाहून भोक बुजवतं. ही दुरुस्ती नव्हे, सफाईदार अंदाज आहे.

त्यापेक्षा चकाकी येऊच न देणं बरं. काचेवर लंबापासून सुमारे ५६ अंशांत पडून परतणाऱ्या प्रकाशाची कंपनं एकाच दिशेची असतात. हा कोन काढण्याचा नियम डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये दिला. त्याच तिरक्या कोनातून, लेन्सपुढे पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेची कंपनं पुढे जाऊ देणारा फिल्टर, फिरवत पाहिलं की काचेवरची चकाकी जवळजवळ विझते. फोटो तिरका येतो, पण तो सरळ करणं सोपं. गूगलचं २०१६ मधलं फोटोस्कॅन वेगळी वाट धरतं: फोन सरकवत अनेक फोटो घ्यायचे. चकाकी जागा बदलते, चित्र बदलत नाही. एका फोटोत झाकलेलं दुसऱ्यात सापडतं.

मी शेवटी ट्यूबलाइट बंद केली आणि तसबीर खिडकीपाशी नेऊन बाजूच्या उजेडात फोटो घेतला. वण आला. तुम्हीही काच काढण्याच्या फंदात पडू नका. जुना फोटो काचेला चिकटलेला असू शकतो, ओढला तर फाटू शकतो.